रुकमाची दुसरी रांग

रुकमाबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे पुढे तोंड लपवत बसायला नको. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. मी संगीत विशारद. बारा वर्षं घासून गळा तयार केला, पंचवीस वर्षं पेडण्याच्या शाळेत मुलांकडून स्वागतगीतं बसवून घेतली, आणि माझा आवाज आमच्या तुये गावातल्या वाड्याबाहेर कुणी ऐकला असेल तर तो शाळेच्या स्पीकरवरून. रुकमा इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायची, आणि तिचा आवाज आज विलायतेत वाजतो. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर काय पेढे वाटले असते?

आमची घरं समोरासमोर. माझं माहेर डिचोलीच्या बाजारातलं, तिचं नार्वेचं, नदीकाठचं. दोघींची माहेरं एका तालुक्यातली एवढ्या भांडवलावर ती लग्न होऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, येऊन बसली आणि दोन तास उठली नाही. तिचा नवरा आधी खनिजाच्या ट्रकवर होता. खाणी बंद पडल्यावर तो मिळेल ती गाडी चालवू लागला आणि रुकमा कारखान्यात लागली. बुटकी, रुंद, चालताना डाव्या पायावर जरा जास्त भार. कारखान्याची निळी टोपी डोक्यावरून काढायची विसरायची. टोपी घालूनच मासे घ्यायची, टोपी घालूनच देवळात जायची. कुणी सांगितलं तर हात लावून बघायची आणि म्हणायची, "ऱ्हवांदी गे, केस तरी जाग्यार आसत."

तिची एक खोड होती. ती एकटी गायचीच नाही. त्यासाठी आमचे धालो काय असतात ते सांगायला हवं. पौषात वाड्यावरच्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे धालोंसाठी राखलेलं, शेणाने सारवलेलं अंगण. आमच्या लेखी ते देवाचं ठिकाण, तिथलं गाणं दिव्यापुढेच म्हणायचं. समोरासमोर दोन रांगा करायच्या, एकमेकींच्या कमरेत हात गुंफायचे. पहिली रांग ओळ म्हणत पुढे वाकते, मग दुसरी रांग तीच ओळ परत म्हणत पुढे येते. दुसरीने परत म्हटल्याशिवाय पहिलीने पुढची ओळ घ्यायची नाही. आमच्या वाड्यावर पहिल्या रांगेच्या मधोमध रुकमा. तीस-पस्तीस गाणी, एकेकाला अठरा-वीस कडवी, आणि वहीचा पत्ता नाही.

पण ती हा नियम मांडावरच ठेवून आली असती तर ती रुकमा कसली. रोजची साधी गाणीही ती अशीच म्हणायची. नळावर भांडी घासताना एक ओळ म्हणायची आणि थांबायची. समोर जी कोणी असेल तिने ती परत म्हणायची. नाही म्हटली तर रुकमा तिच्याकडे बघत राहायची, हातातलं भांडंही पुढे सरकायचं नाही. "परत दी गे," म्हणायची. उसनं नेलेलं विरजण मागावं तसं. एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तिने पकडलं. त्या बिचाऱ्याने चार ओळी परत दिल्या तेव्हा कुठे त्याच्या कागदावर सही झाली. पुढच्या महिन्यात तो दुरूनच गुणगुणत आला.

मी तिला एकदा पेटीवर बसवलं. म्हटलं, एवढा आवाज आहे तर त्याला काही शिस्त लावू. "सा लाव," म्हटलं. तिने कुठला तरी सूर लावला, तो माझ्या पेटीत कुठेच नव्हता. मी पट्टीवर बोट फिरवून शोधत राहिले आणि ती दम न सोडता तो धरून बसली, माझी कीव आल्यासारखी. मग म्हणाली, "टीचर, ह्यां सा रे ग म शिकून काय करतत?" मी म्हटलं, "मग गाणं येतं." तिने पेटीची एक पट्टी दाबून बघितली. "आनी माका ता आदीच इला तर?" मी पेटी बंद केली आणि चहा ठेवला.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी मुलींची फुगडी बसवत होते. पंधरा दिवस डोकं फोडलं तरी मुली कवायत केल्यासारख्या नाचत होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या शेजारच्या त्या बाईंना बोलवा. बोलावलं. रुकमा कारखान्यातून परस्पर आली, टोपीसकट. तिने मुलींना दोन रांगांत उभं केलं आणि मला म्हणाली, "टीचर, तू वायच भायर बस." अर्ध्या तासाने आतून असा हास्यकल्लोळ आणि ठेका आला की शिपाईसुद्धा खिडकीशी जाऊन उभा राहिला. कार्यक्रमानंतर मुलींनी रुकमाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. पंचवीस वर्षांत माझ्या गळ्यात कुणी हात टाकला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी भाताला मीठ घालायचं विसरले आणि नवऱ्यावर चिडले.

एवढं होतं तोवर ठीक होतं. शेजारणीचा हेवा सगळ्यांनाच वाटतो, तो घरातल्या घरात जिरतो. मग तो बँड आला.

हे चौघे विलायतेतले म्हातारे. बँडचं नाव 'मंडे ऑर्चर्ड', म्हणजे सोमवारची बाग. रुकमाला ते नाव एकदम पटलं, कारण तिचा सोमवारचा उपास. तरुणपणी केस वाढवून, रंगीत डगले घालून हे लोक वाजवायचे आणि म्हणे हजारोंनी माणसं यायची. त्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात असं मला मुख्याध्यापकांनी सांगितलं. त्यांनाही ते कुणीतरी सांगितलं होतं. मी फोनवर ऐकलं. गाणं विहिरीत पडलंय आणि आतल्या आत फिरतंय असं वाटायचं. पुढे त्यांच्यातला गिटारवाला रॉबिन आणि गाणारा डेरेक यांचं वाजलं, आणि तीस वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा एकत्र येऊन नवा अल्बम करायचा, तोही भारतीय वळणाचा, म्हणून त्यांनी इथे जवळच मांद्र्याला एक बंगला घेतला होता. त्यांची व्यवस्था बघणारी हेलन नावाची बाई इथली एखादी गायिका शोधत शाळेत आली. मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं.

मी आठ दिवस पहाटे उठून रियाज केला. भैरवीतलं एक भजन तयार ठेवलं. काठपदराची साडी इस्त्री करून आणली. कुणाला बोलले नाही, पण मनात पक्कं झालं होतं की इतक्या वर्षांची मेहनत आता फळाला येणार. नवरा म्हणाला, परक्या लोकांच्या घरी एकटी जाऊ नकोस, रुकमाला सोबत ने. म्हणून रुकमा आली. सोबत म्हणून. हे मी पुढे पुष्कळ जणांना सांगितलं, की तिला तिथे नेली कोणी तर मी.

रविवारी सकाळी गेलो. बंगल्यात चोहीकडे वायरी. रॉबिन उंच, कानात यंत्र. डेरेक टकला, ठेंगणा. दोघे एका खोलीत असून एकमेकांशी काही बोलायचं तर हेलनला सांगत. मी भजन म्हटलं. चांगलं म्हटलं, आजही सांगते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डेरेक "ब्यूटिफुल" म्हणाला आणि रॉबिन "व्हेरी ट्रेन्ड" म्हणाला. तो शेवटचा शब्द मी घरी येईपर्यंत कौतुक समजून सांभाळला होता.

तेवढ्यात रुकमा काय करत होती? दुसऱ्याच्या घरचे उष्टे कप बघवत नाहीत म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात कप धूत होती. धुताना सवयीने एका भातलावणीच्या गाण्याची ओळ म्हणाली आणि थांबली. पलीकडच्या खोलीत रॉबिन गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्याने काही विचार न करता तीच ओळ तारांवर परत दिली. रुकमा पुढची ओळ म्हणाली. त्याने तीही दिली. तिसऱ्या ओळीला तो गिटार घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि रुकमाच्या हाताला साबणाचा फेस होता. मी काठपदराच्या साडीत खुर्चीवर बसून हे बघत होते.

त्यांना तिचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. "तुझं सगळ्यात आवडतं म्हणायला सांगतायत," मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "माजां आवडीचां मांडावरचां. ता म्हणूचा तर दिवो होयो." मी इंग्रजीत सांगितलं. वायरींच्या खोलीत दिवा म्हटल्यावर हेलनचा चेहरा उतरला. तिने मेणबत्ती आणली. रुकमाने ती बाजूला सारली. शेवटी स्टीलच्या वाटीत खोबरेल ओतलं, औषधाच्या पेटीतला कापूस काढून वात वळली आणि दिवा लावला. रुकमाने चपला दाराबाहेर काढल्या, जमिनीला हात लावून कपाळाला टेकला, ओठातल्या ओठात देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि पदर खोचून उभी राहिली. आधी फक्त आवाज हवा होता, वाद्यं नंतर.

तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

वायरींच्या खोलीच्या काचेपलीकडून डेरेकने हाताने खूण केली, पुढे चला. रुकमा जागची हलली नाही. पुन्हा पहिली ओळ म्हटली, पुन्हा थांबली. हेलनने मला जवळ बोलावलं, बिघडलं कुठे म्हणून. मी सांगितलं की या गाण्याला दुसरी रांग लागते, ती ओळ परत म्हणते, तोवर ही पुढे जाणार नाही. ते ऐकून रॉबिनचे डोळे चमकले. त्याने मला सरळ विचारलं, "मग तुम्ही व्हाल का दुसरी रांग?"

ते गाणं मला येत नव्हतं असं नाही. लहानपणी मावशीच्या मांडीवर बसून ऐकलेलं, पुढे या वाड्यावर दरवर्षी म्हटलेलं. आणि परत म्हणायला यावं तरी काय लागतं, समोरची म्हणेल ते म्हणायचं. पण बारा वर्षं गुरूंच्या पायाशी बसून, मी रुकमाच्या ओळी परत म्हणणारी बाई होऊन त्या रेकॉर्डवर जायचं? खोकी भरणारी पुढे आणि विशारद मागे? मी म्हटलं, "आय डोन्ट नो धिस साँग."

रुकमाला इंग्रजी येत नव्हतं, पण 'नो' कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भाजीवालीने आज कोथिंबीर नाही म्हटलं तर आपण बघतो तसं. मग म्हणाली, "बरां. मी जागो सोडतंय."

आणि तिने अठरा कडव्यांचं गाणं तसं म्हटलं. एक ओळ म्हणायची, मग दुसऱ्या रांगेला लागेल नेमका तेवढा वेळ गप्प राहायचं, पुढे-मागे वाकत, समोर पंधरा बायका उभ्या असल्यासारखं त्या रिकाम्या जागेकडे बघत. मग पुढची ओळ. एकाही ठिकाणी घाई नाही. चौथ्या कडव्याला रॉबिनला राहवलं नाही. तो आत गेला आणि त्या जागेत गिटारवर ओळ परत देऊ लागला. सातव्या-आठव्याला डेरेकही उठून आत गेला. त्याला शब्द येत नव्हते, त्याने नुसता आकार लावला. दोघे म्हातारे शेजारी शेजारी उभे राहिले आणि वाकू लागले, तिचं बघून. मग एकमेकांकडे बघून मोठ्याने हसले आणि शेवटपर्यंत थांबले नाहीत. हेलन डोळे पुसत होती. मी त्या वाटीतल्या दिव्याकडे बघत बसले होते.

रिक्षातून परत येताना रुकमाने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तो उंच आनी तो टकलो, एकामेकांवांगडा बोलनत नाय मगे?"

"तीस वर्षं नाही बोलले," मी म्हटलं.

"आज बोलले," ती म्हणाली आणि पर्समधलं उकडलेलं कणंग, म्हणजे रताळं, काढून अर्धं मला दिलं. मी भूक नाही म्हटलं.

अल्बम पुढच्या वर्षी आला. त्यात सतार होती, तबला होता, काय काय होतं, पण सगळे बोलत होते ते त्या एका गाण्याबद्दल. वेष्टनावर त्या गाण्यापुढे तिचं नाव छापलं होतं. माझंही होतं. शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत, बंगल्याचा मालक आणि स्वयंपाकीण यांच्यानंतर. रुकमाला हेलनने पाकिटातून एक प्रत पाठवली. तिच्या घरी ती वाजवायला यंत्रच नव्हतं. तिने ती देव्हाऱ्याजवळ उभी करून ठेवली आणि वाड्यावरच्या बायका ती बघायला येऊ लागल्या. माझ्या दारावरून जायच्या, तिच्या घरात शिरायच्या.

मग मी जे केलं ते मी केलं. मांडाची सगळी व्यवस्था जयंतीकाकी बघते, पंच्याहत्तरीची, कडक. मी तिच्याकडे गेले आणि फोनवर ते गाणं लावून दिलं. काकीने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "ह्यां मांडावरचां. हिणे खंय म्हटलां?" मी सांगितलं, मांद्र्याला, त्या लोकांच्या बंगल्यात. काकीचं तोंड बारीक झालं. "दिवो लायल्लो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

एवढंच. खोटे आरोप केले नाहीत, कान भरले नाहीत. मला आठवत नाही, एवढंच म्हटलं.

पौष लागायच्या आधी मांडावर बायकांची बैठक झाली. काकीने रुकमाला सगळ्यांसमोर विचारलं की मांडाचं गाणं दिव्याशिवाय परक्याच्या घरात म्हटलंस का. रुकमाने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिने फक्त म्हणायचं होतं, टीचर होती ना तिथे, तिला विचारा. सगळ्यांनी मान वळवून मला विचारलं असतं, आणि मग मी काय उत्तर दिलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. पण तिने तशी वेळच येऊ दिली नाही. म्हणाली, "माजां काय चुकला आसात तर मांडान पोटात घालूचा." मांडावर नारळ ठेवला. काकी म्हणाली, या वर्षी तू पहिल्या रांगेत नको. मग पहिल्या रांगेत कोण? गाणारी म्हणून वाड्यावर दुसरी होतीच कोण? बायका माझ्याकडे बघू लागल्या. मला आनंद झाला. लाज वाटली म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. लाज नंतर वाटली.

पाच दिवस मी पुढे उभी राहिले. आमच्याकडे एरवी धालो रात्री, शेवटचा दिवस मात्र उजेडी असतो. दुपार कलली की बायका जमतात आणि दिवेलागणीच्या आत मांड आटोपतो. त्या दिवशी शेजारच्या वाड्यांवरच्या बायकाही येतात. मी मधोमध, आणि समोरच्या रांगेत बरोबर माझ्यापुढे रुकमा. तिच्या नवऱ्याला डिचोलीकडे पुन्हा ट्रकचं काम लागलं होतं आणि सामान पुढे पाठवून त्याच संध्याकाळी ती माहेरी नार्व्याला निघणार होती.

काकीने तेच गाणं घ्यायला सांगितलं, अठरा कडव्यांचं. मी घेतलं. रुकमा परत देत गेली. तिचा आवाज दुसऱ्या रांगेत मिसळलेला होता, वर काढलेला नव्हता, पण त्या आवाजावर सगळी रांग उभी होती. दहावं कडवं झालं आणि मला पुढची ओळ आठवेना. चाळीस बायका वाकलेल्या, माझ्या तोंडाकडे बघतायत. दुसऱ्या रांगेने नवी ओळ काढायची नसते, तो मान पहिलीचा. मला कुणी मदत करू शकत नव्हतं. रुकमाने फक्त गप्प राहायचं होतं. तेवढ्याने माझी सगळ्यांसमोर शोभा झाली असती.

रुकमाने माझी मागची ओळच पुन्हा उचलली. तिच्याबरोबर सगळी रांग म्हणाली. संपली, तरी मी तशीच उभी. तिने ती तिसऱ्यांदा उचलली, अगदी सावकाश, गाणंच तसं आहे असं वाटावं इतक्या सहज. माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा ती ओळ संपता संपता मला पुढची सापडली आणि गाणं सुटलं.

मांड आटोपल्यावर काकी माझ्याजवळ आली. चारचौघींसमोर पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरां म्हटलंस. ती ओळ तीनदा घेतलंस ता तर खूप बरां केलंस. पूर्वी तशीच घेयत."

मी म्हटलं, "हो."

रुकमा तिथेच पायरीशी चपला शोधत होती. तिने ते ऐकलं. वर पाहिलंही नाही. चपला घातल्या, काकीच्या पाया पडली, मला "येतंय गे टीचर" म्हणाली आणि पिशवी उचलून बसच्या वाटेला लागली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

लोक म्हणतात, नार्वे काही लांब नाही, स्कूटरने तासाभरात पोचशील, जाऊन भेट. पण तिला भेटून मी सांगणार काय? दिवा तिनेच लावला होता, तिला ते ठाऊक आहे. ते सांगायचं आहे जयंतीकाकीला, आणि काकीचं घर माझ्या घरापासून तीन घरं सोडून आहे.